रांजणातली वाइन आणि मी खिशात घातलेली पट्टी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक हा लेख माझ्याकडे सहा वर्षं मागत आहेत. दर वर्षी मी त्यांना दुसरंच काहीतरी लिहून दिलं. एकदा अंगणातल्या दोडक्यांबद्दल, एकदा बर्फावरून गाडी घसरून शेजाऱ्याच्या टपालपेटीवर आदळली त्याबद्दल. "काका, तुम्ही एवढी वर्षं वाइनच्या लाइनमध्ये होतात, त्याच्यावर लिहा की. मजा येईल," असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे, आणि पुढचं वर्ष हा शब्द मी जपून वापरतो.

मजा येण्यासारखं होतंच म्हणा. २००१ साली आमच्या औषध कंपनीची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. त्या वयाच्या केमिस्टला नोकरी देणारी एकच जागा निघाली. न्यू जर्सीत पार्सिपनीच्या आमच्या घरापासून वीस मिनिटांवर स्पेनमधून वाइन आणणाऱ्या एका छोट्या कंपनीचं गोदाम होतं. त्यांना मालाची तपासणी करणारा माणूस हवा होता. मालक वॉल्टर याने मुलाखतीत विचारलं, "तुला कोणती वाइन आवडते?" मी म्हटलं, "मी पीत नाही." तो इतका हसला की मला वाटलं, नोकरी गेली. पण तो म्हणाला, "उत्तम. निदान गोदामात गळती तरी होणार नाही."

काम साधं होतं. कंटेनर आला की दार उघडायचं, वेगवेगळ्या खोक्यांतल्या बाटल्या काढायच्या, त्यांचं आम्ल, गंधक, अल्कोहोल मोजायचं, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा. हो, थुंकायचा. सात वर्षांत मी हजारो घोट तोंडात घेतले आणि एकही गिळला नाही. गोदामातला फोर्कलिफ्ट चालवणारा हेक्टर मूळचा इक्वेडोरचा. तो मला प्रोफेसर म्हणायचा आणि माझ्या थुंकण्याच्या बादलीला 'देवाचा वाटा'.

गिऱ्हाइकांच्या तक्रारीही माझ्याकडेच यायच्या. एडिसनमधले एक गुजराती दुकानदार एकदा बाटली घेऊन तावातावाने आले. "काका, इसमें काच है! कोई मर गया तो?" बाटलीच्या तळाशी खरोखर चमचमणारे खडे होते. मी ते चमच्यात घेतले, वर गरम पाणी ओतलं, खडे विरघळले. चिंचेत जे आम्ल असतं तेच द्राक्षात असतं, थंडीत त्याचे असे खडे धरतात, हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ चमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मतलब, इमली?" तेव्हापासून त्यांच्या दुकानात ती वाइन 'इमलीवाली' झाली आणि चांगली खपली.

या गोष्टी मी घरी हसून सांगत असे, पण फक्त घरी. बाहेर मी 'फूड इम्पोर्ट'मध्ये होतो. मंडळात, लग्नकार्यात, भारतात फोनवर, सगळीकडे फूड इम्पोर्ट. माझी बायको सुधा हिने तर डब्यातले टोमॅटो आणि ऑलिव्ह अशी यादीच ठरवून टाकली होती. सुधाचे थोरले भाऊ नाना सांगलीकडे मुख्याध्यापक होते. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांबरोबर रस्त्यावर बसलेले. त्यांना मेव्हण्याचा धंदा कसा सांगणार? खोटं लहान होतं, कुणाचं नुकसान नव्हतं, असं मला वाटायचं.

आता खरी गोष्ट.

आम्ही ज्यांची वाइन आणायचो त्यांत ला मांचा या भागातली एक बापलेकीची वाइनरी होती. बाप मातेओ सत्तरीचा, मुलगी इनेस तिशीची, वाइनशास्त्र शिकलेली. त्यांच्या तळघरात एकवीस रांजण होते. आपल्याकडे पाण्याला असतात तसेच, पण माणसाहून दीडपट उंच. द्राक्षाचा रस त्यात ओतायचा, द्राक्षाच्या सालीवरच्याच किण्वाने तो आंबू द्यायचा आणि लाकडी झाकण ठेवून गप्प बसायचं. ही मातेओच्या आजाच्या वेळची पद्धत. आजाने रांजण आधी मांडून घेतले होते आणि वरचं छप्पर नंतर घातलं होतं. असे रांजण घडवणारा कुंभार त्या भागात आता उरला नव्हता.

इनेसने त्या पद्धतीला हात लावला नाही, तिच्याभोवती नवं शास्त्र उभं केलं. पाण्याविना वाढणाऱ्या जुन्या बुटक्या वेलींमध्ये तण मारायला औषध न फवारता मेंढ्या सोडल्या. छपरावर सौर पट्ट्या बसवल्या, बाटल्यांची काच हलकी केली. आणि सगळ्यात धाडसाचं म्हणजे वाइन टिकावी म्हणून जे गंधक घालतात ते जवळजवळ बंद केलं. त्याऐवजी ती मोजायची. रोज प्रत्येक रांजणाचं तापमान, आम्ल, सगळं वहीत. गंधक कमी म्हणजे वाइन नाजूक. ती सदैव थंड राहिली पाहिजे, प्रवासातही. म्हणून त्यांचा माल आम्ही शीत कंटेनरमधून आणायचो, आणि दाराजवळच्या खोक्यात इनेस स्वतःच्या हाताने एक छोटं यंत्र ठेवायची. त्यात कागदाची पट्टी हळूहळू फिरत असते आणि तिच्यावर सुई तापमानाची रेघ काढत जाते. दार उघडलं की रेघ पाहायची. कुठे, कधी, किती गरम झालं ते सगळं समोर दिसतं.

२००३ साली बापलेक न्यू जर्सीला आले तेव्हा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. सुधाने वरणभात, भरली वांगी आणि श्रीखंड केलं. मातेओला इंग्रजी येत नव्हतं, इनेस सांगायची. डेकवरच्या तुळशीच्या कुंडीपाशी म्हातारा वाकला, बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केली, कान लावला आणि काहीतरी म्हणाला.

"बाबा म्हणतात, चांगली भाजलीय. आमच्या नव्या रांजणांपेक्षा बरी."

"नवे कुठले?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठी शंभर वर्षांचे ते नवे."

जेवताना मी वाइन घेत नाही हे कळल्यावर मातेओ सुधाकडे पाहून बोलला, आणि इनेस सांगता सांगताच हसू लागली. "ते म्हणतात, हा आमच्या पाद्र्यासारखा आहे. दुसऱ्यांची लग्नं लावतो, स्वतः लांब."

"मग मी कोण?" सुधा म्हणाली. ते भाषांतर होऊन पोचलं तेव्हा म्हातारा टेबलावर हात आपटून हसला. जाताना त्याने माझे दोन्ही हात धरले. इनेस म्हणाली, "बाबा म्हणतात, समुद्रापलीकडे आमची वाइन पहिल्यांदा ज्याच्या हातात पडते तो माणूस न पिणारा आहे, हे बरंय. तो खरं सांगेल."

पुढच्या जुलैत, चार जुलैच्या लाँग वीकेंडला, आमच्याकडे सत्यनारायण होता. नाना पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. शुक्रवारी मी रजा घेतली. तीसेक माणसं आली होती. पूजा सांगायला आमच्या मंडळातला अभय. आठवडाभर टेलिकॉम कंपनीत कोडिंग आणि सुट्टीत पौरोहित्य. कथा सुरू होती. नावेत काय आहे असं विचारल्यावर व्यापारी खोटं सांगतो, तो अध्याय चालू होता. योगायोग म्हणून कुणी लिहिला असता तर मीच नाक मुरडलं असतं, पण तसंच झालं. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन वाजला. मी उठलो.

ट्रक ड्रायव्हर होता. मातेओचा कंटेनर एलिझाबेथ बंदरातून अपेक्षेआधी सुटला होता. त्याने तो गोदामाच्या आवारात आणून लावला होता, पण सुट्टीमुळे गोदाम त्या दिवशी लवकर बंद झालेलं. "कूलरचं डिझेल पाव टाकीच राहिलंय. कुणी येऊन विजेवर लावणार का, प्रोफेसर?"

एक वाक्य बोलायचं होतं: हेक्टरला फोन करतो, तो येईल. हेक्टर दहा मिनिटांवर राहायचा. पण दारात नाना उभे होते, पाणी प्यायला आलेले. ड्रायव्हरचा आवाज मोठा, त्यात 'वाइन' हा शब्द दोनदा येऊन गेलेला. मी घाईने म्हणालो, "लीव्ह इट. ट्यूजडे," आणि फोन ठेवला.

"काय हो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा ऑफिस?" नाना म्हणाले.

"टोमॅटो आलेत. डब्यातले."

"मग थांबतात की चार दिवस! टोमॅटोला कसली घाई?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पूजा झाल्यावर हेक्टरला फोन करू असं ठरवून पाटावर जाऊन बसलो. मग आरती, प्रसाद, पंगत, गाणी.

विसरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. शनिवारी सकाळी आम्ही नानांना नायगारा दाखवायला निघालो आणि तासाभरात मला आठवलं. पुढच्या रेस्ट एरियात गाडी थांबवली. फोन खिशात होता. नाना शेजारीच उभे राहून यंत्रातून बाहेर पडणाऱ्या चहाचं कौतुक करत होते. चार पावलं लांब गेलो असतो तरी पुरलं असतं. पण मग प्रश्न आले असते, आणि कालचे टोमॅटो आठवले असते. मी मनात हिशेब घातला: पाव टाकी, एक दिवस जाईल, कदाचित दीड. ऊन फारसं नाही. होईल ठीक. पुढे दोन दिवस मी धबधब्यापुढे उभं राहून फोटो काढत होतो. त्या सगळ्या फोटोंत मी हसतो आहे.

मंगळवारी हेक्टरने कंटेनरचं दार उघडलं आणि आम्ही दोघंही मागे सरलो. उष्ण, आंबूस वाफ अंगावर आली. कूलर बंद पडून बराच काळ झाला होता. बुचं वर आली होती, खोक्यांवर तांबडे ओघळ. एक बाटली उघडून मी घोट घेतला आणि बादलीपर्यंत जाण्याआधीच थुंकलो.

दाराजवळच्या खोक्यात इनेसचं यंत्र होतं. मी पट्टी बाहेर काढली. अठरा दिवस रेघ एखाद्या शांत माणसाच्या श्वासासारखी सपाट होती: स्पेन, समुद्र, बंदर. शनिवारी सकाळी ती वर चढायला लागली होती. आम्ही रेस्ट एरियात थांबलो होतो त्याच सुमारास. शनिवार, रविवार, सोमवार, चढतच गेलेली.

मी पट्टी शर्टाच्या खिशात घातली. यंत्र पिशवीत टाकलं.

"रेकॉर्डर?" हेक्टरने विचारलं.

"नाही सापडला. ठेवलाच नसेल."

हेक्टरने माझ्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओके, प्रोफेसर," एवढंच म्हणाला आणि फोर्कलिफ्टकडे गेला. नंतर आमच्यात कित्येक दिवस बादलीचा विनोद झाला नाही.

मग मी अहवाल लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात नीटनेटका अहवाल. गंधकाचं प्रमाण फार कमी, हे खरं होतं. मातीच्या छिद्रांतून जंतूंची पूर्ण सफाई अवघड, हेही खरं. बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होऊन वायूने बुचं उचलली असावीत, ही 'शक्यता नाकारता येत नाही'. ही वाइन तळघराच्या गारव्यात ठीक राहील, पण प्रवास सोसणार नाही, 'असे दिसते'. कंटेनर बंदरातून मंगळवारी आला की शुक्रवारी, याबद्दल वॉल्टरने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. धडधडीत खोटं वाक्य एकच होतं: तापमाननोंद यंत्र आढळले नाही. बाकीचा सगळा अहवाल त्या वाक्यावर उभा होता.

इनेसचं उत्तर आलं. ते मला अजून पाठ आहे. तिने लिहिलं होतं की, यंत्र मी स्वतः ठेवलं होतं असं मला पक्कं आठवतं. मी लिहिलं: शोधलं, नाही सापडलं. त्यावर चार दिवसांनी तीन ओळी आल्या. त्या दिवशी माल घाईत भरला होता. कदाचित माझीच चूक झाली असेल. माफ करा.

तिने माझी माफी मागितली.

वॉल्टरने त्यांचा माल आणणं थांबवलं. त्यांच्याकडे पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, आणि पूर्ण कळलं ते २००७ साली. न्यूयॉर्कला स्पॅनिश वाइनचं एक मोठं प्रदर्शन होतं. इनेस येणार आहे असं वॉल्टरकडून कळलं. मी हेक्टरकडे गेलो आणि म्हटलं, मला स्पॅनिशमध्ये एक वाक्य शिकव. चूक माझी होती.

कुणाला सांगायचंय हे त्याने विचारलं नाही. "ला कुल्पा फुए मीआ," तो म्हणाला. "आणि हे बोलताना प्रोफेसर, खाली बघायचं नाही."

आठ दिवस मी गाडीत ते वाक्य म्हणत होतो. कामावर जाताना, येताना.

इनेस दुसऱ्याच एका मोठ्या कंपनीच्या टेबलामागे उभी होती. केस थोडे पिकलेले. मला पाहून ती टेबलाला वळसा घालून आली, गालाला गाल लावला, सुधाची चौकशी केली. मी विचारलं, "वाइनरी कशी आहे?"

"बाबा पोलादी टाक्यांत करतात आता. गंधक घालून. ठीक असते. कुणी तक्रार करत नाही."

"आणि रांजण?"

"टाक्यांना जागा हवी होती. रांजण दारातून बाहेर निघत नव्हते. घणाने फोडले. बाबांनी स्वतः. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "प्रोफेसर, मला तुमचे आभार मानायचे होते. बाकी सगळे गोड बोलत होते. तुम्ही एकट्याने स्पष्ट लिहिलंत. मी सगळं मोजते असा मला फार गर्व होता, आणि नेमकं एक यंत्र ठेवायला विसरले. तेव्हा मला कळलं, की माझ्या हातावर मी भरवसा ठेवू नये. म्हणून मी तिथून बाहेर पडले. इथे मी फक्त विकते. बनवत नाही."

तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. रांजणाचा तळहाताएवढा तुकडा, बाहेरून भाजल्या विटेसारखा, आतून शंभर वर्षांच्या वाइनने काळपट जांभळा. "बाबांनी दिलाय. न पिणाऱ्या पाद्र्याला द्या, म्हणाले."

मी तुकडा घेतला. मी खाली पाहिलं. आणि मी नुसते आभार मानले, "ग्रासियास."

घरी आल्यावर तो तुकडा मी टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर नाही. सुधा तुळस नव्या कुंडीत लावत होती. तिला कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवायला खापर हवं होतं. "एवढं छान भाजलेलं खापर इथे कुठे मिळतं?" ती म्हणाली. तिला मी तेव्हाही काही सांगितलं नव्हतं. तुळस जोमाने वाढली. अजून आहे.

२००८च्या वसंतात मी निवृत्त झालो. निरोपाला वॉल्टरने केक आणला, हेक्टरने माझी बादली घासूनपुसून त्यात फुलं लावून दिली. त्याच आठवड्यात मातेओ गेल्याची बातमी आली. मी इनेसला सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यात शेवटी दुसरा परिच्छेद लिहिला आणि तो फाडून उरलेलं पाठवलं. पुढे तीन वेळा पूर्ण पत्र लिहिलं. दोन टाकली नाहीत. तिसरं टाकलं, ते परत आलं. ती त्या पत्त्यावर राहिली नव्हती. वाइनरीच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. कुणाला विचारता आलं असतं. आता तर माझी नातसुद्धा दोन मिनिटांत म्हणेल, "आजोबा, आय फाउंड हर." मी तिला विचारलेलं नाही.

नाना गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. जाण्याआधी दोनेक वर्षं त्यांना कुणीतरी माझ्या नोकरीचं सांगितलं होतं. फोनवर ते म्हणाले, "अहो, मग तेव्हाच सांगायचं! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" इतकंच. ज्या माणसाच्या धाकाने मी ते केलं, त्याला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

हेही कबूल करतो की, मी हे मराठीत लिहितो आहे याचं कारण मराठी माझी भाषा आहे एवढंच नाही. इनेस मराठी वाचत नाही. म्हणजे हाही पळ काढण्याचाच प्रकार झाला. पण सुधाने काल हा लेख वाचला. मग डेकवर गेली, तुळशीला पाणी घातलं आणि आत येऊन म्हणाली, "आता तिला समजेल अशा भाषेत लिहा." मी हो म्हटलं आहे. माझ्या हो म्हणण्यावर तिने किती भरवसा ठेवावा, हे वाचकांनी ठरवावं.

पट्टी माझ्याजवळ आहे. पोथीच्या पानांत ठेवली होती, त्यामुळे कागद पिवळा पडला आहे, पण रेघ स्पष्ट दिसते. अठरा दिवस सपाट. तुझी वाइन समुद्र ओलांडून आली, इनेस, आणि तिला काहीही झालं नव्हतं. रांजणांत दोष नव्हता. तुझ्या हातात दोष नव्हता. यंत्र तू ठेवलं होतंस.